विरजणाच्या दोन बरण्या

पोतोसी, २० ऑक्टोबर
पोचले या खाणींच्या गावात. सुक्रेहून येताना बसने हाडं खिळखिळी केली, पण मन प्रसन्न आहे. निवृत्त शिक्षिकेने कोपऱ्यात बसून जपमाळ ओढावी असं ठरवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी दिवंगत भावाचा फोटो स्टुडिओ चालवायला आले. कॅमेरा त्याची मुलगी नेलिदा सांभाळते, अंधारखोली माझी. दारातच गळ्यात पडली, "आत्या, अजून तशीच काटकुळी!" मी म्हटलं, "आणि तुझी जीभ बापाचीच." नाताळाआधी तिचं लग्न आहे. या पोरक्या पोरीला सुखरूप वेदीपर्यंत पोचवलं की मी सुटले.

२२ ऑक्टोबर
डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, आम्ही घरीच बनवतो. कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, धुण्याचा सोडा, शेवटी किंचित ब्रोमाइड. नन्सनी शिकवलेलं रसायनशास्त्र अजून पाठ आहे, त्यांची छडीही. पण भावाची एक तऱ्हा होती. नव्या द्रावणात तो पेलाभर जुनं घालायचा, दुधाला विरजण लावावं तसं. त्याच्या दोन बरण्या आहेत. पांढऱ्या झाकणाची जिवंतांच्या फोटोंसाठी, काळ्या झाकणाची कबरींवर लावायच्या फोटोंसाठी. नेलिदा म्हणाली, बाबा झाकणंसुद्धा बदलू द्यायचे नाहीत. मी विचारलं, हायड्रोक्विनोन काय मृत्यूचा दाखला वाचतं? ती हसली, पण अर्धवट.

२४ ऑक्टोबर
मृतांचा सण तोंडावर, कबरींच्या फोटोंचा ढीग पडलेला, आणि काळी बरणी तळाला गेलेली. मी दोन्ही एकत्र ओतल्या. असली खुळं मी वर्गात खपवून घेतली नाहीत, इथे घेईन? त्याच द्रावणात नेलिदाचा लग्नाच्या पोशाखातला फोटो छापला. काय सुंदर काळा रंग उतरला!

२६ ऑक्टोबर
भिंतीवरच्या त्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. निगेटिव्ह उजेडात धरली, तर उघडे. दुसरी प्रत काढली. ट्रेमध्ये उघडे होते. धुताना माझ्यासमोर पापण्या खाली आल्या. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, निघालेला फोटो बदलत नाही. बदलूच शकत नाही!

२७ ऑक्टोबर
सकाळपासून नेलिदाला डोळे उघडता येत नाहीत. डॉक्टर म्हणतो, खाणीची धूळ. गाढव. ती मात्र म्हणते, "बरंय आत्या, नवऱ्याला न बघताच हो म्हणेन." मी हसले. हसावंच लागलं.

२९ ऑक्टोबर
फोटोत तिच्यामागे माणसं आली आहेत. पहिला म्हणजे पाववाला एउसेबियो. त्याच्या कबरीवरचा फोटो मीच छापला होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे.
तिचा खांदा उघडून पाहिला. बोटांचे निळे वळ.

३१ ऑक्टोबर
मिश्रण ओतून दिलं. बरण्या फोडल्या. सगळ्या प्रती जाळल्या. ती गार पडत चालली आहे, उशीवरून मान उचलत नाही. आता नवं भांडं, उकळलेलं पाणी, विरजण नाही. स्वच्छ द्रावणात, त्याच निगेटिव्हवरून, तिचा एक फोटो, उघड्या डोळ्यांचा, तिच्या एकटीचा. फोटोने तिला नेलं, फोटोच आणील. दुसरं काही सुचत नाही.

१ नोव्हेंबर
बाहेर मृतांसाठी टेबलं मांडली आहेत, कणकेची बाळं, फुलं. दुपारी बाराला मृतात्मे घरी येतात. मी अंधारखोलीत, लाल दिव्याखाली. वाट बघताना लिहिते.
कागद ट्रेमध्ये आहे. केस आले. ओठ. मागे कोणी नाही — देवा, मागे कोणी नाही —
डोळे — अजून फिकट — पण उघडे! थोडं गडद होऊ दे, मग हायपोत. तोवर उजेडाची तिरीप आली तरी कागद काळा —
बाराची घंटा.
कोणीतरी दार वाजवलं. नेलिदाचा आवाज. "आत्या, दार उघड ना. मला दिसतंय."
ती मान उचलत नव्हती —
आवाज तिचाच आहे. पण दारापलीकडे पावलं फार वाजतात.
पाठ दाराला लावली. ट्रे हाताला पोचत नाही. दार सोडलं तर उजेड — नाही सोडलं तर द्रावणात पडून कागद आपणच काळा —
कडी हलते आहे. नेलिदा, डोळे मिटू नकोस बाळा, मी