काळी गाडी, बदामी गाडी

आई, तुला लिहायचं मी दिवाळीपासून टाळतोय. आधी म्हटलं, गाडीचं एकदा ठरू दे. ते ठरलं, तर म्हटलं, थोडे दिवस चालवून बघू आणि मग लिहू. मग संक्रांत आली, आणि संक्रांतीला जयपुरात घरात कोण बसतं, सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर. आता फाल्गुन लागलाय, मला ताप आलाय, खाटेवरून हलायचं नाही असं बाबांनी बजावलंय आणि त्यांचं शाईचं पेन उशाशी ठेवून ते शेजारी पेपर वाचून घ्यायला गेलेत. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळा सोडल्यापासून ते सुधारलेलं नाही. मराठी लिहिताना मधेच हिंदी घुसते, मतलब घुसली तर घुसू देतो, तू समजून घे.

शेजारी पेपर वाचून घ्यायला, म्हणजे बाबांची दृष्टी मंदावली आहे. दिवसा चालतं. दिवे लागले की त्यांना दार आणि भिंत सारखीच. तू गेलीस तेव्हा ते ऑफिसातून आल्यावर कंदिलाच्या उजेडातसुद्धा बारीक अक्षरं वाचायचे, म्हणून सांगितलं. तर झालं असं की ताईला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. मुलींची सरकारी शाळा, सीकरच्या वाटेवर, चौमूंच्याही बरीच पुढे. संध्याकाळची बस तिला अंधार पडल्यावर घरी आणते. तिकडेच राहावं तर बाबा हे घर सोडायला तयार नाहीत. ज्या घरातले कोपरे हाताला पाठ आहेत ते सोडून आंधळा माणूस कुठे जाणार, असं म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. मग जागाच सोडायची, एवढाच मार्ग उरला होता. मी तेव्हा अजमेरच्या बाजूला ट्रकवर होतो. ताईचं कार्ड आलं, 'डिझेलवर चालणारी जुनी गाडी मिळते म्हणतात, पेट्रोल रोज इतक्या लांब परवडणार नाही. तू गाड्यांतलं जाणतोस. एवढं एक काम करून जा.' करून जा, असं तिनंच लिहिलं होतं. येऊन राहा असं नाही, आणि गाडी चालवणार कोण, तेही नाही.

चीनशी लढाई झाली त्याच्या पुढचा हिवाळा. सगळ्या जयपुरात डिझेलच्या विकाऊ मोटारी दोन. एक काळी, परदेशी, दिल्लीतल्या कुठल्या वकिलातीतून एका ठाकूरसाहेबांनी घेतलेली. दुसरी बदामी रंगाची, उभट, जुनी विलायती. तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून छोटं डिझेलचं बसवलेलं, ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, ते तिच्यातून खेडी फिरायचे. दोघांनीही निरोप पाठवला, दुपारी चारला या, गाडी पुसून ठेवतो.

मला एकदम बनी पार्कातलं हे घर तू ठरवलंस तो दिवस आठवला. घरमालक म्हणाला होता संध्याकाळी या, आणि तू मे महिन्याच्या भर दुपारी माझा हात धरून, छत्री घेऊन निघालीस. मी रडतोय, पाय भाजतायत. आधी एक दुसरं घर होतं, त्याच्या मालकिणीला तू म्हणालीस, "बहनजी, बच्चे को पानी," आणि ती उठायच्या आत स्वतःच नळ सोडलास. नळ नुसता सुसकारला. मग इथे आलीस, इथे नळाला पाणी होतं. परतताना म्हणालीस, "सांगून गेलं की लोक घर दाखवत नाहीत रे, पाहुणचार दाखवतात." ताईच्या स्थळांनाही तू असंच करायचीस, न सांगता, अवेळी. त्यामुळेच तिचं लग्न झालं नाही असं मावशी म्हणायची, पण ते जाऊ दे, मी भरकटतोय.

तर मी ताईला पहाटेच उठवलं. डिझेलचं इंजिन थंडीत, रात्रभर गारठलेलं असताना बघायचं असतं. दुपारी चारला मालक ते आधीच तापवून ठेवतो. ठाकूरसाहेब अंगणात शाल गुंडाळून दातून करत होते.

"मराठे?" त्यांनी ताईला विचारलं.

"जी."

"पहले भी आते थे. ऐसे ही, भोर में. और पूछते नहीं थे."

"हम तो पूछकर ले जाएँगे, ठाकुर साहब," ताई म्हणाली. "पसंद आई तो."

ते एवढे हसले की दातून खाली पडलं. किल्ली त्यांनी स्वतः आणून दिली. बटण ओढून आतली तार लाल होईपर्यंत थांबायचं, मग सुरू करायची. काळी पहिल्या खेपेला सुरू झाली, आई. धूर नाही, थरथर नाही. मी जलमहालच्या रस्त्याला लागलो, पाण्यावर धुकं होतं, आणि हाताखाली ते लांबच लांब बॉनेट. डोक्यात सीकर नव्हतं, शाळा नव्हती. उदयपूर होतं, त्याच्या पुढे मी न पाहिलेला समुद्र होता. मागून ताई म्हणाली, "अरे, किती लांब आलास?" आंबेरचा चढ सुरू झाला होता.

डॉक्टरांची बदामी दुसऱ्या खेपेला सुरू झाली आणि पिठाच्या चक्कीसारखी धडधडायला लागली. शेजारच्या भिंतीवरचे मोर उडाले. डॉक्टर कानावर मफलर ओढत म्हणाले, "आवाज़ तो करती है. मरीज़ को दूर से पता चल जाता था कि मैं आ रहा हूँ, आधा बुख़ार वहीं उतर जाता था." गाडीत फिनेलचा वास. चढावर तिला बैलगाडीनं मागे टाकलं असतं. पण ते इंजिन रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री उघडू शकला असता, आणि काळीच्या एका वायसरसाठी दिल्ली गाठावी लागली असती.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "काळी घेऊ."

ताई पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "घे ना. एक दिवस मी शाळेच्या फाटकाशी उभी असेन आणि तू काळी गाडी घेऊन द्वारकेला."

"द्वारकेचा रस्ता खराब आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही त्याला रस्ते सांगू नका."

कुणी रागावलं नव्हतं. पण मला तीच जागा दिसत होती, तोच ओटा, आणि तू. मी चौदा-पंधराचा असेन, बिकानेरच्या ट्रकवर चढून पळालो होतो आणि बऱ्याच दिवसांनी, अंगभर धूळ घेऊन, मागच्या दारानं आत आलो होतो. तू मारलं नाहीस. ताट वाढलंस. मी जेवत होतो आणि तू पाठमोरी. मग म्हणालीस, "जायचं असेल तर सांगून जात जा. किती जणांची कणीक भिजवायची ते मला कळायला हवं." एवढंच. त्यानंतर मी परत न सांगता गेलो, तेव्हा किती दिवस रोज माझ्या वाटणीची कणीक भिजवलीस आणि सकाळी शिळी पोळी गाईला घातलीस, ते बाबांनी मला तू गेल्यावर सांगितलं.

मी रात्रभर विचार केला, म्हणजे झोपलो थोडा, पण केला. मी स्वतःला ओळखतो. मी जाणार. आज नाही, पण जाणार. तर मग गाडी माझ्या हाताची कशाला बघायची?

रविवारी ताईला परत दोन्हीकडे नेलं आणि या वेळी तिलाच चालवायच्या जागेवर बसवलं. ठाकूरसाहेब बघतच राहिले. "बाईसा चलाएँगी?" काळीत ताई खोल बुडाली, तिला पुढे फक्त बॉनेट आणि आकाश दिसत होतं. पाठीशी उशी दिली तरी क्लच पायाच्या टोकाला. बदामीत ती टांग्यात बसल्यासारखी ताठ बसली.

"दिसतंय?"

"सगळं दिसतंय. तो कुत्रासुद्धा." तिनं स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "जड आहे. पण आईचं जातं फिरवलंय मी." मग एकदम माझ्याकडे वळली. "म्हणजे तू जाणार आहेस."

"आज नाही."

"मग मला कशाला शिकवतोयस?"

"या वेळी सांगून जाणार आहे, म्हणून."

ती खाली उतरली. डॉक्टरांना म्हणाली, "यही लेंगे."

पौषापासून शिकवतोय. आधी स्टेशनच्या बाजूच्या मैदानात, पहाटे, लोक दात घासत बघायला उभे राहायचे. गियर अडकला की ती गाडीला वर्गातल्या मुलीसारखी दटावते. "काय झालं? उत्तर येत नाही?" मोकळ्या रस्त्यावर आता छान चालवते, उंटांच्या रांगेलासुद्धा वाट देते. पण चौमूं आलं की थांबून उतरते. त्या बाजारात हातगाड्या, बैल, ट्रक आणि चबुतऱ्यांवर बसलेले पुरुष, सगळे बघणार. "हे मला जमणार नाही," म्हणते, आणि चौमूं मी पार करतो, रोज, येता-जाता. परवा परतायच्या वेळी मला शाळेतच हुडहुडी भरली. मी म्हटलं तू चालव. तिनं नाही म्हणून मान हलवली. गाडी शाळेच्या आवारात ठेवून आम्ही बसनं आलो, अंधार पडल्यावर. बाबा दार उघडायला आले ते चौकटीवर आपटले. कपाळाला टेंगूळ आहे. ताईनं हळद लावली. आजही ती बसनंच गेली.

मी काय करत होतो सांगू? पडल्या पडल्या बेत. ताप उतरला की गाडी आणायची, चैत्रापर्यंत तिला चौमूं शिकवायचं, आणि मग निघायचं. हे पत्र कुठे टाकणार, ते मला माहीत नाही. बाबांना वाचून दाखवता येणार नाही, ताईला दाखवायचं नाही. राहील उशीखाली. अजून उन्हं भिंतीवर आहेत, साडेपाचही वाजले नसतील, बसला पुष्कळ वेळ आहे. आणखी एक सांगायचं होतं, तुझं ते जातं

थांब. रस्त्यावर ती धडधड. दुसरी असा आवाज करणारी गाडी या भागात नाही. बंद पडली. परत सुरू झाली. पलीकडून बाबा ओरडतायत, "कोण आलं रे? कोण चालवतंय?" मी खिडकीशी उभा राहून लिहितोय. ताई आहे. एकटी. पदर खोचलेला, केसांत धूळ, फाटक उघडायला न उतरता हॉर्न वाजवतेय, जोरात, चौमूं पार करून आलेल्या ट्रकवाल्यासारखा.

आता ती आत येऊन विचारेल, कधी निघतोस. आई, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही आहे. पण तिला सांगायला माझ्याकडे निघायचा दिवस नाही, आणि मला वाटत होतं तो ठरलेला आहे.