याडीचा डबा, बापूची जीप

प्रिय दिपा,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस, मधे घरात बरंच रामायण घडलं. लग्नाची तारीख ठरली, नांदेडच्या कचेरीत नोटीस लागली, हे सगळं तू दोन ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर लिहिलंस की कोणी आलं नाही तरी चालेल, वाईट वाटून घेऊ नका. ते ‘चालेल’ तू कसं लिहिलं असशील ते मला इथे बसून कळलं. पत्र मी याडीला वाचून दाखवलं; आईच ती, दोनदा वाचायला लावलं. बापू दारातच बिडी ओढत होता. ऐकू येत नाही असं दाखवत होता, पण बिडी विझली तरी ओढतच राहिला. तुझ्या रविंद्रचं नाव घरात निघाल्यापासून कोणी लेकरांची चौकशी केली की तो ‘मला एक पोरगा हाय’ एवढंच सांगतो. तुला हे माहीत असणार, म्हणून लिहितोय. मला ते ऐकताना दरवेळी लाज वाटते, कारण तो एक पोरगा मी असतो.

आता जीपची हकिकत सांगतो. कंटाळा करू नकोस, तुझा जीव त्या गाडीत माझ्यापेक्षा जास्त होता. आठवतं का, ती आली तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. लिलावात घेतलेली जुनी डिझेलची जीप, चारही चाकं ओढणारी. तांड्यातल्या बायांनी तिला कुंकू लावलं. आपले वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरायचे, त्यातल्या पुढच्या बैलाची घुंगरमाळ आपल्या घरात होती, ती बापूनं जीपच्या नाकावर बांधली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ तो जीपच्या मडगार्डला फासायचा आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवायचा. ती पोळी गाडीनं खाल्ली असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि तुझ्या झग्याला पुरण लागलेलं असायचं.

पावसाळ्यात फाट्यापासून तांड्यापर्यंतच्या काळ्या मातीत बैलगाडी रुतायची, पण आपली जीप यायची. गेअरशेजारचा तो छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही माती उकरायला लागत. तो दांडा ओढायचा मान तुझा. मी थोरला, गाडी पुसायचो मी, पाणी भरायचो मी, आणि चिखल दिसला की बापू म्हणायचा, ‘दिपा, ओढ.’ तू दोन्ही हातांनी लोंबकळून ओढायचीस आणि वळून माझ्याकडे बघायचीस. खरं सांगू, मी फार जळायचो. आता त्याच सीटवर बसून रोज नऊ-दहा माणसं वाहतो आणि चिखल लागला की हात आपोआप थांबतो, कोणीतरी ओढेल म्हणून.

वारंगा फाट्याचं किशनरावांचं गॅरेजही तसंच डोळ्यासमोर आहे. बापूनं या गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना लागू दिला नाही. गाडी खोलली की ते दोघं तिच्या पोटाखाली शिरायचे आणि पीकपाणी, लेकरं, निवडणूक, सगळं तिथेच झोपून बोलायचे. आपल्याला फक्त चार पाय दिसायचे. त्यांचा रविंद्र टायरच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसलेला असायचा आणि तू त्याचा पेरू पळवायचीस. याडीला वाटतं तुमचं तिथेच जमलं. मी म्हटलं, काहीतरीच काय, तेव्हा त्याचं नाक सदा वाहत असायचं. हे त्याला वाचून दाखव.

पुढे इंजिन म्हातारं झालं. आतला धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, तिच्यातून तेलाचे फवारे यायला लागले. खालच्या पत्र्याच्या भोकांतून तो वास आत शिरायचा. याडीचं तर तुला माहीतच आहे. वारंगा येईपर्यंत तिला उलटीसाठी उतरवावं लागायचं. शेवटी तिनं जीपचं नावच टाकलं. तुला नांदेडला नर्सिंगला सोडायला गेलो तेव्हाही ती मागून एसटीनं आली होती.

हे किशनरावांनी कधीच मार्गी लावलं असतं. पण तुमचं प्रकरण कळल्यापासून बापूनं गॅरेजची पायरी चढणं सोडलं. गाडी कुरकुरत होती तरी दुसरीकडेही नेईना. वासाची तक्रार वाढली तेव्हा त्यानं काय केलं असेल? बाभळीची खुंटी तासली आणि पखालीचं तोंड बंद करावं तशी त्या नळीत ठोकून दिली. वर मला म्हणतो, ‘बघ, वास बंद. लागते काय मिस्त्री?’ दुसऱ्याच दिवशी बाळापूरच्या अलीकडे आत कोंडलेल्या वाफेनं ऑइल सील फोडलं. रस्ताभर तेल, गाडीतली माणसं खाली, एका बाईच्या कोंबड्या सुटून शेतात पळाल्या. आमच्या मागून तांड्यातल्या फुलसिंगचा ट्रॅक्टर आला. त्यानं काही न विचारता जीपला दोर बांधला आणि सरळ वारंग्याची वाट धरली, कारण ही जीप कोणाच्या गॅरेजला जाते हे या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक. बापू मागे स्टेअरिंग धरून बसलेला, ‘तिकडं नको, तिकडं नको’ म्हणून ओरडत होता. फुलसिंगला ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला ऐकू येत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

किशनराव हात पुसत बाहेर आले. खुंटी पकडीनं उपटून त्यांनी ती उलटसुलट पाहिली. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी लागेल असं. एवढंच म्हणाले, ‘भीमसिंगभाऊ, हे काहून ठोकलं? इंजिनाला श्वास नको का?’ बापू जमिनीकडे बघत म्हणाला, ‘वास येते. कुलदीपची माय बसत न्हाई.’ ‘मंग डबा लावू ना. सांगायचं तरी,’ किशनराव म्हणाले. बापू म्हणाला, ‘येणं झालं न्हाई.’ त्या दिवशी सील बदललं, आणि घट्ट झाकणाचा जाड डबा घेऊन उद्या या, असं सांगून त्यांनी आम्हाला पाठवलं.

घरी येऊन बापू थेट चुलीकडे गेला आणि याडीचा गोडेतेलाचा स्टीलचा डबा रिकामा करायला लागला. तुला वाटेल घर डोक्यावर घेतलं असेल तिनं. तिनं नुसतं विचारलं, ‘कुठं जाऊन राहिले?’ तो म्हणाला, ‘किशनरावाकडं.’ तिनं डबा त्याच्या हातातून घेतला, स्वतः राखेनं घासला, उन्हात वाळवला. किशनरावांना आत भरायला तारेची घासणीही लागणार होती, तीसुद्धा तिनं नवी कोरी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी डबा बसला. बॅटरीशेजारी पट्टीनं आवळलाय. इंजिनाची नळी त्यात आत जाते, तेलाची वाफ घासणीत अडकून थेंब थेंब तळाशी साचते, आणि उरलेला धूर दुसऱ्या लांब नळीनं गाडीच्या मागे जातो. तळाला छोटा कॉक आहे, अधूनमधून उघडून तेल काढून टाकायचं. नळी कुठे वाकून बंद व्हायला नको म्हणून ते दोघं पुन्हा जुन्यासारखे गाडीखाली शिरले. मी वरून नळी धरून उभा होतो. तुझ्या होणाऱ्या सासूबाई कमलबाईंनी चहा आणला आणि पदर सावरत खाली वाकून विचारलं, ‘भाऊ, दिपाला जेवणात काय आवडते? आमाला काईच माहीत न्हाई.’

दिपा, माझा हात नळीवर तसाच राहिला. गाडीखाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग बापू बोलायला लागला. म्हणाला, तिला ज्वारीची भाकर करपलेली लागते, तशी करू नका, पोट बिघडते. अंबाडीची भाजी द्या. दूध देऊ नका, लहानपणापासून ओकते. ड्युटीवरून आली की आधी झोपते, उठवू नका, चिडते. तिला रागावलं तर ती दुसऱ्या दिवशी बोलते, त्या दिवशी न्हाई, तर घाबरू नका. इतके महिने तुझं नाव न घेणारा माणूस, गाडीखाली उताणा पडून, तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, थांबायलाच तयार नव्हता. कमलबाई तिथेच मातीत बसून ऐकत होत्या. चहा सगळ्यांचाच गार झाला. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि किशनरावांचे पाय हलत नव्हते.

काल संध्याकाळी बापूनं याडीला पुढच्या सीटवर बसवून नरसीपर्यंत नेऊन आणलं. ती येताना गात होती. उलटी नाही, डोकेदुखी नाही. मात्र पोरगी जातीबाहेर चालली म्हणून तांड्यात कुजबुज सुरू झालीय. काल तांड्याचे प्रमुख म्हणून नाईकांनीही बापूला बोलावून विचारलं. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण येताना मान ताठ होती. रात्री जेवताना याडी म्हणाली, तिकडं जायचंच तर एसटीनं जाऊ, उगीच लोकांच्या डोळ्यांवर कशाला. बापूनं ताट सरकवलं आणि म्हणाला, ‘पोरीच्या लग्नाला मी एसटीनं जाऊ? आपल्या गाडीनं जाऊ, तांड्यातून, दिवसाढवळ्या.’ मग माझ्याकडे वळून त्यानं मला हे पत्र लिहायला लावलं. स्वतः लिहायचं तर त्याला सही तेवढी येते. आणि कचेरीत त्याची तीच लागणार आहे. कचेरीत मुलीकडचा साक्षीदार म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव दिलं असशील, तर खोडून टाक.

तुझाच भिया,
कुलदीप