मामांच्या निवृत्तीचं साल

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगं सध्या खुर्चीला चिकटलेली आहेत, उरलेल्या तिनांवर भागवून घ्या.) तुमचा खोकला कसा आहे? मामी म्हणते गेला, आई म्हणते तुम्ही लपवता.

ऊर्जा आणि पर्यावरणाचं अर्थशास्त्र म्हणजे काय शिकतेस, असं तुम्ही विचारलंत तेव्हा "विजेच्या बिलासारखंच काहीतरी" म्हणून मी वेळ मारून नेली होती. खरं असं की, कोळशावरची अकरा वीजकेंद्रं कधी बंद करावीत, म्हणजे हवाही सुधारेल आणि दिवेही जाणार नाहीत, हे मी संगणकावर मांडते. सातव्या ओळीत तुमचं केंद्र. (ज्याच्या बॉयलरला कान लावून तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत, आणि त्याच कानांनी आमच्या कुकरची शिट्टी ऐकून "वायसर गेलंय" सांगता, तेच.)

माझ्या तक्त्यात दहा केंद्रं पाच वर्षांत बंद झाली, तुमचं मात्र नवव्या वर्षी. मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात धुराचं केंद्र शेवटी का? मी मागणी, भार, तारा असं बरंच काही फेकलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "नवव्या वर्षी काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मामांची निवृत्ती."

आता आपली धडगत नाही, असं वाटलं. "म्हणजे तू मलाच मामा बनवत होतीस," एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तिथे आणखी किती जणांचे मामा कामाला आहेत?" आकडा मला पाठ होता, तेराशे चाळीस. पहिल्या पानावर मीच लिहिलाय, पण ती माणसं आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोलीवर येऊन रडले, मामा. केंद्र बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं काम जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही एका तक्त्यात काही केल्या बसत नाही.

तुमची,
भाची

ता. क. खरं काम हे: सोबतचे प्रश्न तुम्ही आणि तुमच्या पाळीतल्या सगळ्यांनी भरून पाठवा. केंद्र बंद झालं तर काय करायला आवडेल, हा शेवटचा. बाई म्हणतात, तो पहिला हवा होता.

आणखी ता. क. आईचा आत्ताच फोन आला. म्हणे, शाळेत लवकर घालायला आजोबांनी तुमचं वय दोन वर्षं वाढवून लावलं होतं, तेव्हा कागदोपत्री तुम्ही सातव्याच वर्षी निवृत्त होणार. मामा, हे आधी नाही का सांगायचं? ज्या दोन वर्षांसाठी मी अख्ख्या गावाला धूर खायला घातला, ती तुम्ही घरात बसून खोकत काढणार होतात.