चार ओळींत खाणवस्ती

५ जानेवारी २०२५, रविवार

एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. आमच्या खाणवस्तीच्या डोंगरावर रिसॉर्ट होतंय! खाणीत साचलेल्या पाण्यात बोटी सोडणार. दाराशी वस्तीचा इतिहास लावायचाय. तुम्ही तिथल्याच, शिवाय शिक्षिका, चार ओळी लिहून द्या, म्हणाला. वर, "जरा पॉझिटिव्ह लिहा, मॅडम."

आईला सांगितलं. मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

७ जानेवारी

लिहायला बसले. काय पॉझिटिव्ह? डोंगर फोडून खडी करणारी माणसं. पत्र्याची घरं. क्रशरची धूळ – भाकरीत, केसांत, छातीत. आता राहते त्या इंदिरानगरच्या रस्त्यांत आमच्याच डोंगराची खडी आहे, रोज त्यावरून शाळेत शिकवायला जाते. मी कॉलेजात असताना खाण बंद पडली. ज्याने त्याने आपापले पत्रे काढून नेले. संपली वस्ती.

आणि बाप? झुंबर, सुरुंग लावणारा. मी पहिलीत असताना कुणा बाईबरोबर सुरतेला पळाला. पोरं मला 'सुरतवाली' म्हणून चिडवायची. लावू हे दाराशी?

८ जानेवारी

नाही लिहिलं.

१२ जानेवारी, रविवार

डोंगरावर गेले होते. आई नको म्हणाली, एकटीच गेले. वर नुसती घरांची जोती आणि बाभळी. खाणीचा कडा कोसळून झालेला तो मोठा ढिगारा अजून तसाच.

खाली गावात सिंधुबाई भेटल्या. वस्तीत आमच्या शेजारी राहायच्या. चहा केला. तिथं आता काय होणार, विचारलं. मी म्हटलं, ढिगारा सपाट करून वर काँक्रीट, गाड्या लावायला.

त्या खालीच बसल्या. "अंजे, तुझा बाप त्याच्याखाली हाय."

एक सुरुंग फुटला नव्हता. खाणमालकाने बापाला बघायला पाठवलं. तो जवळ गेला आणि फुटला. कडाच खाली आला. सिंधुबाई तिथंच खडीच्या पाट्या वाहत होत्या, डोळ्यांनी पाहिलं. पोलीस आले तर खाण बंद होईल, म्हणून संध्याकाळपर्यंत मालकाने उठवलं – झुंबर पळाला. जो बोलेल त्याचं घर मोडणार होते. कुणीच बोललं नाही.

"आम्ही बी नाय बोललो," म्हणाल्या. "आईला इचार तुझ्या."

लग्नपत्रिकेत त्याचं नाव नको म्हणून मी भांडले होते. आई ऐकून घेत होती!

१३ जानेवारी

विचारलं. नाकारलं नाही तिने. मालक म्हणाला होता, तोंड उघडलंस तर पोरीला घेऊन आत्ता खाली उतर. कुठे उतरणार होती?

बरं, पण खाण बंद झाल्यावर? इतकी वर्षं?

"तू त्याच्यावर चिडून चिडून शिकत व्हतीस," ती म्हणाली. "म्हनलं, शिकू दे."

मी उठून गेले. तिच्या हातचं जेवले नाही.

१६ जानेवारी

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, चाळीस वर्षांपूर्वीचं आता काय शोधायचं, मालकही वारलाय. रिसॉर्टवाल्याला फोन केला. म्हणाला, अशा गोष्टी बाहेर गेल्या की लोक येत नाहीत, मॅडम. काम शनिवारी सुरू होणार. चार ओळी तेवढ्या पाठवा.

आईला यातलं सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडलेच तिच्यावर. ती भिंतीकडे बघत राहिली. वाटलं, हिचं सगळं विझलंय.

१८ जानेवारी, शनिवार

शाळेतून आले तर घराला कुलूप. आई नाही. तेवढ्यात सिंधुबाईंचा फोन. आई सकाळच्या बसने एकटी डोंगरावर गेली, ढिगाऱ्यासमोर पोकलेनच्या पुढ्यात बसलीये. "हितं माझा नवरा हाय, आधी त्याला काढा," एवढंच बोलते. उठवायला गेलेल्यांना बधत नाही. खाणीवरच्या जुन्या बाया एकेक करून तिच्या शेजारी जाऊन बसतायत.

निघते.