शेवंताबाईचा दिवा

मंगळवार, एप्रिल. रात्र.

आज मोहर्लीकडच्या जंगलालगतच्या गावात आम्ही वाटलेल्या सौरदिव्यांचे फोटो काढायला गेले. दिवे पाठवणाऱ्या परदेशातल्या छोट्या संस्थेला फोटोत दिव्याजवळ अभ्यास करणारी मुलं हवीत. नेपाळात, केनियातही त्यांनी हेच दिवे वाटलेत. तिथले लोक त्यांचं काय करतात कोण जाणे.

लाइन गेली होती. शेवंताबाईच्या घरी तिची मुलगी सोनी चुलीच्या उजेडात वाचत होती आणि दिवा खुंटीला तसाच. मी विचारलं, हा काऊन लावत नाही?

"पहाटे लागते ना ताई. मोहफुलं वेचाले जातो. सोनीनं आता जाळला तं जंगलात विझते."

अंधारात जाता? वाघ आहे ना तिथं?

"पहिले भेव लागे. उजाडल्याबिगर कोणी निघत नव्हतं. आता सगळ्याच बाया दिवा घेऊन जातात. उशीर केला तं झाडाखाली काई उरत नाई."

म्हणजे ते भेव होतं म्हणून त्या उजाडेपर्यंत घरात राहत होत्या. आणि आम्ही तेच घालवलं? दिवे परत मागू? कोणत्या तोंडानं? शेवंताबाईचा एकटीचा मागितला, तर ती बाकीच्यांच्या मागून बिनदिव्याची जाईल.

तरी मी दिवा काढून सोनीपुढे ठेवला आणि फोटो घेतला. चांगला आलाय. पाठवला, तर लगेच उत्तर: अजून दिवे पाठवतो.

सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय. फोटो झाल्याबरोबर शेवंताबाईनं सोनीपुढचा दिवा विझवला आणि पुन्हा खुंटीला अडकवला.

"पहाटेले पुरला पाह्यजे," म्हणाली.