तुलनेची बाटली

३ मार्च
पोचले एकदाची. तळमजल्यावर बाईंची प्रयोगशाळा, वर त्यांचं बिऱ्हाड, त्याच्याही वर माझी खोली. पलंग करकरतो, पण खिडकी चांगली ऐसपैस आहे. पहिलीवहिली नोकरी आणि दोन जिने उतरले की कामावर हजर. स्वारी खूश. माझी बॅग बाईंनी स्वतः वर आणली. म्हणाल्या, इथे लाजायचं नाही, पोटच्या पोरीसारखी राहा.

७ मार्च
काम फळमाश्यांचं, पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या. बाटलीत वायू सोडून त्यांना गुंगवायचं, मऊ कुंचल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सारायचं आणि पाठीवरचे केस तपासायचे. पेशीच्या आत अ‍ॅक्टिनच्या धाग्यांचा सांगाडा असतो. हे धागे बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे. बाई अळ्यांच्या खाण्यात एक द्रव्य मिसळून ते प्रथिन बंद पाडतात. अशा अळ्यांच्या माश्या झाल्या की त्यांचे केस वाकडे निघतात. पुढे पाय दुमडतात. काम झालेली माशी अल्कोहोलच्या बरणीत. बाई ते बोलता बोलता करतात, चहात साखर टाकावी तसं.

१५ मार्च
बाईंची लेक चाकाच्या खुर्चीत असते. हे प्रथिन तिच्यात जन्मापासूनच कमी. सगळी धडपड तिच्या औषधासाठी आहे हे कळलं आणि गलबलून आलं. दुपारी आम्ही तिघी एकत्र जेवतो. बाई माझ्यासाठी वेगळं सूप करतात, संपेपर्यंत उठू देत नाहीत. आई आणि धाकटी बहीण फोनवर म्हणाल्या, नशीब काढलंस.

२ एप्रिल
कुंचला हातातून सटकतो. बरणीचं झाकण फिरत नाही. कानशिलापाशी नवे केस आलेत, तारेसारखे वाकडे. बाई म्हणाल्या, थकवा असेल. आज दोन वाट्या सूप वाढलं.

४ एप्रिल
मनात नको ते आलं. माझीच मला लाज वाटली. तरी थोडं सूप रुमालात टिपून आणलं आणि एका बाटलीतल्या अळ्यांच्या खाण्यात पिळलं. दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी.

१४ एप्रिल
माश्या बाहेर आल्या. पाण्याच्या बाटलीतल्या धडधाकट. सूपवाल्या — एकूण एक वाकड्या केसांच्या. तीनदा पाहिलं.
दोन्ही बाटल्या बाईंपुढे ठेवल्या. वाटलं, चेहरा पडेल. त्यांनी शांतपणे भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुलनेची बाटली ठेवलीस, शाबास. मलाही दोघी लागतातच. एकीला औषध द्यायचं, एकीला नाही."

१५ एप्रिल
पळायला निघाले. जिन्यात गुडघे दुमडले. बाईंनीच उचलून वर आणलं. फोन त्यांच्याकडे. दाराला कुलूप नाही, नुसती मूठ आहे. ती माझ्याने — फिरत नाही.

२१ एप्रिल
लेक आज चालत आली. खुर्चीशिवाय. मी औषध मागितलं. एक थेंब. हात जोडता येईनात, तसंच मागितलं. ती म्हणाली, तुला दिलं तर आईचं मोजमाप बिघडेल. मग माझ्यासमोर एक गिरकी घेतली. मुद्दाम —

२६ एप्रिल
पेन दातात. बाई माझ्या घरी पत्र लिहितायत. माझ्या अक्षरात. हुबेहूब — वाचून दाखवलं. मी मजेत आहे. धाकटीलाही पाठव, इथे जागा आहे —
आई तिला नको — ते अक्षर माझं नाही —