कार्तिकाच्या आधी हिमालय

२ मार्च १९७५, रविवार. इस्लामपूर
नाव दिलं! 

सांगलीच्या गिर्यारोहण मंडळाचे नाथाजी सर परवा शाळेत आले होते. मे महिन्यात हिमालयात नेणार, शिक्षिकांची वेगळी तुकडी आहे म्हणे. "कधी टेकडी चढला नसाल तरी चालेल, छोट्या वाटा आहेत," म्हणाले. तीन सांगितल्या — पिंडारी, चंद्रखणी, त्रिउंड. कुठली ते महिनाअखेर कळवायचं. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र दोन रात्री तळमळले आणि आज कळवून टाकलं.

घरी काय सांगितलं? ह्यांना शोधायला जाते! हे फौजेतले, बासष्टच्या चीनच्या लढाईत ईशान्येला नेफात गेले, ते बर्फातून परत आलेच नाहीत. प्रेत नाही, कपडा नाही. सरकारनं त्यांना केव्हाच मेलेलं धरलं. घरानं धरलं नाही. त्यामुळे माझं कुंकू अजून आहे.

५ मार्च
हंबीरभावजी मळ्यातून आले, पायसुद्धा न धुता ओसरीवर बसले. ह्यांच्या पाठचे ते. "वैनी, जावा तुमी. पन आल्यावर पुतळ्याचं बघू."

माणूस बारा वर्षं परतला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आमच्यात. मग तो गेला. बारा वर्षं गेल्या कार्तिकातच भरली. मी "यंदा नको" म्हणाले आणि ते पुढं ढकललं. आता पुढचा कार्तिक.

"जबरदस्ती न्हाई. तुमी व्हय म्हणाल तवाच. पन दादाचा जीव किती दिस टांगायचा?" बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. त्यांचा तरी काय दोष! मीच कसली हट्टी. पण "व्हय" माझ्या तोंडून निघत नाही. मीच ह्यांना मारल्यासारखं होईल.

आणि दुसरंही आहे, इथं लिहायला काय हरकत — पुतळा जळाला की बांगड्या जाणार, आणि मग मला हिमालयात कोण सोडतंय? आज नवऱ्याच्या नावावर तरी जाता येतंय.

९ मार्च
आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळपासून मागं लागल्यात. "साधू असत्यात ती वाट घे गं मनू." मागं एक बैरागी आला होता. वर डोंगरात मराठी बोलणारा एक साधू बघितला म्हणून सांगून शेरभर जोंधळे घेऊन गेला. तेव्हापासून आत्याबाईंच्या मनानं घेतलंय, लेक बैरागी झाला. हिमालय म्हणजे त्यांना मच्छिंद्रगडासारखा एक डोंगर वाटतो. चढलं, हाक मारली, की झालं!

शाळेत भिंतीवरचा नकाशा बघितला. नेफा उजव्या टोकाला. नाथाजी सरांच्या तिन्ही वाटा पार डावीकडे आणि मधे. नेफात तर आमच्यासारख्यांना सोडतच नाहीत. नकाशापुढं उभी होते, तिसरीच्या मुली म्हणाल्या, "बाई, काय हरवलंय?"

१६ मार्च
मच्छिंद्रगड चढले. लुगडं वर खोचून, पायात शाळेतली पोरं घालतात तसले कॅनव्हासचे बूट. वाटेत शेण गोळा करणारी एक म्हातारी म्हणाली, "लष्करात भरती हुतीयास काय गं बये?" अर्ध्या वाटेत फुफ्फुसं तोंडात आली. वर पोचल्यावर मात्र वारा असा अंगावर आला! कुणी बघत नव्हतं. पदर सोडून उभी राहिले. किती बरं वाटलं! मग त्याचीच लाज वाटली.

१७ मार्च
पोटऱ्या! खडू पडला तर वाकता येईना.

३० मार्च
कळवलं — त्रिउंड.

पिंडारी घेतली तर दिवस फार, सर म्हणाले, पहिल्या खेपेला जड जाईल. पण त्या वाटेवर साधू भेटतील, आत्याबाईंना ती हवी. चंद्रखणीला खिंड आहे, बर्फातून जायचं. हे बर्फातूनच परत आले नाहीत, बर्फ नको. त्रिउंड सगळ्यांत सोपी. एका दिवसात वर, रात्री जंगलखात्याच्या बंगल्यात, दुसऱ्या दिवशी खाली. हिरवं पठार, समोर पांढरे डोंगर.

नवऱ्याला शोधायला निघालेली बाई सोपी वाट निवडते? मी काय शोधायला चाललेय, हे मला तरी कुठं कळलंय!

६ एप्रिल
राहवलं नाही. आत्याबाई चुलीपुढं होत्या. सांगून टाकलं, "आत्याबाई, मी जाते तिथं हे नाहीत. ते दुसऱ्या टोकाला होते. लय लांब. मी खोटं बोलले."

भाकरी तव्यावर करपली. त्यांनी उलटली नाही. "मग कशाला जातीयास?"

"मला जायचंय म्हणून."

७ एप्रिल
आत्याबाई बोलत नाहीत.

११ एप्रिल
अजून नाहीत. भाकरी वाढतात, पण ताटाकडं बघून. हंबीरभावजी म्हणतात, "आवं, रद्द करा न्हवं." करावं का? रात्रभर हाच घोळ. नाही, करणार नाही.

१४ मे
आज निघायचं. पिशवी भरत होते. आत्याबाई आल्या, माझा करंडा उघडून कुंकू काठोकाठ भरलं. "तिकडं मिळंल न मिळंल." इतकंच बोलल्या. पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. वाटलं, जाऊच नये.

२० मे. त्रिउंड
पोचले! घळीत बर्फ शिल्लक होतं. आमच्यातल्या लोणंदच्या धोंडुबाई त्यावरून घसरून बदकन बसल्या, मी हात द्यायला गेले तर मीही बसले. दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मग बर्फ मुठीनं खाल्लं, दात कळवळले. अंधार पडायला डोंगर गुलाबी झाले, तेव्हा ध्यानात आलं — दिवसभरात ह्यांची आठवण एकदाही आली नाही. एकदाही नाही.

बंगल्यामागं जाऊन रडले. बारा वर्षांत अशी रडले नव्हते. खाली उतरल्यावर हंबीरभावजींना कार्ड टाकते, पुतळा करा.

हे आज गेले.